हसंती ते शेगडी : एका शब्दाचा अर्थ आणि वैद्याची जबाबदारी

‘शेगडी’ हा शब्द आज मराठी घरात उच्चारला गेला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ओट्यावरची दोन किंवा चार बर्नरची गॅसची शेगडी उभी राहते. विजेची शेगडी, इंडक्शनची शेगडी हे तिचेच नंतरचे अवतार. परंतु ज्या पिढीने आपल्याकडे शेक-शेगडीची परंपरा चालविली, त्या पिढीच्या लेखी शेगडी म्हणजे स्वयंपाकाचे साधन एवढाच अर्थ नव्हता. निखारे ठेवण्याचे आणि उचलून हवे तेथे नेता येणारे पात्र म्हणजे शेगडी. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ दोन पिढ्यांच्या तोंडी एकाच घरात नांदू लागले, की त्यातून गोंधळ उत्पन्न होतो. आणि तो गोंधळ बाळंतिणीच्या खोलीत झाला तर त्याचे परिणाम केवळ भाषेपुरते राहत नाहीत. म्हणूनच या शब्दाचा अर्थ, त्याचा ग्रंथोक्त पूर्वज आणि चिकित्सेतील त्याचा उपयोग यांचा एकत्र विचार करावा, असे आम्हांस वाटले.

शब्दाचे कुळ

अमरकोशाच्या दुसऱ्या कांडातील वैश्यवर्गात पाकसाधनांची नावे आली आहेत. तेथे अमरसिंहाने चुलीची नावे वेगळी दिली आहेत व निखारे ठेवण्याच्या पात्राची वेगळी. अश्मंत, उद्धान, अधिश्रयणी, चुल्ली, अंतिका ही चुलीची नावे. त्यांच्या लगेच पुढे अंगारधानिका, अंगारशकटी, हसंती आणि हसनी ही नावे येतात. त्यानंतर अंगार, अलात व उल्मुक हे जळत्या वस्तूंचे शब्द, आणि मग भ्राष्ट्र, कंदु, स्वेदनी ही भाजण्या-शेकण्याची साधने. हा क्रम विचार करण्यासारखा आहे. चूल ही एका जागी मांडलेली. अंगारधानिका ही निखाऱ्यांना धारण करणारी. पहिलीत अग्नी निर्माण होतो, दुसरीत तो केवळ ठेवला जातो व नेला जातो. कोशकाराने या दोहोंना एका पंक्तीत बसविले, पण एकच मानले नाही.

‘अंगारशकटी’ या शब्दातील शकटी म्हणजे लहान गाडी. निखाऱ्यांची गाडी, अर्थात चालविता किंवा हलविता येणारा अग्नी. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ या नाटकाच्या नावातील मातीची गाडी ज्या शब्दाने सांगितली आहे, त्याच शब्दाचे हे भावंड होय. या शकटीशीच गुजरातीतील ‘सगडी’, हिंदीतील ‘सिगडी’ आणि आपली ‘शेगडी’ यांचे नाते जोडले जाते. हिंदीतील ‘अंगीठी’ मात्र वेगळ्या कुळातील. तिचा संबंध अग्निष्ठिका या शब्दाशी आहे. एकोणिसाव्या शतकातील मोल्सवर्थच्या मराठी कोशातही शेगडीचा अर्थ हलविता येणारी अग्निपात्री असाच आहे. म्हणजे शेगडी या शब्दाच्या पोटात ‘नेता येणे’ हा गुण मुळापासून होता. गॅसच्या शेगडीला नळी लागली, ती ओट्यावर स्थिर झाली, आणि शब्द तोच राहून गुण मात्र गळून पडला.

‘हसंती’ हे नाव यांहून निराळे आणि सुंदर. हस् या धातूपासून साधलेले हे स्त्रीलिंगी रूप. त्याचा सरळ अर्थ ‘हसणारी’. राखेच्या पातळ थराखालून फुललेले लालबुंद निखारे आणि पात्राच्या छिद्रांतून डोकावणारी त्यांची प्रभा ज्याने पाहिली आहे, त्याला या नावाची उपपत्ती वेगळी सांगावी लागणार नाही. येथे ज्वाळा नाही, धूर नाही, आहे ती केवळ प्रसन्न झळाळी. नाव ठेवणाऱ्याने पात्राचे वर्णन केलेच, शिवाय त्यातील अग्नी कोणत्या अवस्थेत असावा हेही सांगून ठेवले.

मराठीतही या कुळातील शब्दांची वाण नाही. उघड्यावर काटक्या-पालापाचोळा पेटवून जिच्याभोवती बसावयाचे ती शेकोटी. थंडीत शेकण्यासाठी विस्तव ठेवावयाची जागा ती आगटी. देवापुढे ऊद-धूप जाळण्यासाठी मूठ असलेले पात्र ते धुपाटणे. ‘तेलही गेले, तूपही गेले’ या म्हणीमुळे तेवढे तरी अजून सर्वांच्या तोंडी आहे. पाणी तापविण्याचा तो बंब. यांपैकी शेकोटी व आगटी येथे माणूस अग्नीकडे जातो; शेगडी व धुपाटणे यांच्या बाबतीत अग्नी माणसाकडे येतो. आजारी, अशक्त, प्रसूत अशा ज्या व्यक्तीला उठून अग्नीजवळ जाता येत नाही, तिच्यासाठी शेगडीची योजना आहे. वैद्यकाशी या पात्राचा संबंध येतो तो येथे.

संहितेतील हसंतिका

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौदावा अध्याय हा स्वेदाध्याय. त्यात अग्नीच्या साहाय्याने करावयाचे तेरा स्वेद सांगितले आहेत : संकर, प्रस्तर, नाडी, परिषेक, अवगाहन, जेंताक, अश्मघन, कर्षू, कुटी, भू, कुंभी, कूप आणि होलाक. अग्नीवाचून होणारे दहा स्वेद त्यांहून वेगळे. विद्यार्थिदशेत आपण ही नावे क्रमाने पाठ केलेली असतात. परंतु या तेरांमध्ये निखाऱ्यांचा उपयोग कोठे, कसा व कोणत्या अटीवर सांगितला आहे, याकडे परीक्षेपुरते वाचताना लक्ष जात नाही.

कुटीस्वेदाच्या विधीत ‘हसंतिका’ हा शब्द प्रत्यक्ष आला आहे. फार उंच नाही, फार विस्तृत नाही अशी वर्तुळाकार, जाड भिंतींची कुटी बांधावी. तिला आतून कुष्ठादी द्रव्यांचा लेप द्यावा. मध्ये शय्या मांडून ती प्रावार, अजिन, रेशीम, कांबळी इत्यादींनी आच्छादावी. आणि निखाऱ्यांनी भरलेल्या हसंतिका तिच्या सर्व बाजूंस ठेवून, अभ्यंग केलेल्या रुग्णाने तीवर आरूढ व्हावे, असा हा विधी आहे. या कुटीला ‘अलोचना’ असे विशेषण आहे. त्याचा अर्थ गवाक्ष नसलेली असाच घेतला जातो. जाड भिंत, खिडकी नाही, आणि भोवती निखाऱ्यांची पात्रे. आजच्या वाचकाच्या मनात येथे शंका उत्पन्न झाली नाही तरच नवल. त्या शंकेकडे आम्ही पुढे येणारच आहोत.

याच अध्यायातील जेंताकस्वेदाचे वर्णन याच्याशी ताडून पाहावे. तेथील कूटागार उंचीने व विस्ताराने सोळा अरत्नी, चहूकडून गोल, मातीने उत्तम लिंपलेले, आणि विशेष म्हणजे ‘अनेकवातायन’, अर्थात पुष्कळ झरोके असलेले सांगितले आहे. मध्यभागी पुरुषभर उंचीचा, बारीक छिद्रांचा, झाकण असलेला अंगारकोष्ठकस्तंभ उभारावयाचा. त्यात खदिराची किंवा अश्वकर्णाची लाकडे भरून पेटवावयाची. लाकडे नीट जळली आहेत, धूर निघून गेला आहे आणि स्वेदाला योग्य एवढीच ऊष्मा उरली आहे, असे वैद्याने जाणल्यावरच रुग्णाला आत न्यावयाचे. इतकेच नव्हे, तर स्वेदाने मूर्च्छा येऊ लागली तरी भिंतीलगतचा ओटा सोडू नकोस, तो सोडलास तर दार न सापडून प्राणास मुकशील, अशी स्पष्ट सूचना रुग्णाला द्यावयास सांगितली आहे. बंदिस्त जागेतील अग्नीचे भय आचार्यांना पुरेपूर ठाऊक होते, याला याहून अधिक पुरावा नको.

कर्षूस्वेदात शय्येखाली खणलेला, आतून रुंद व तोंडाशी अरुंद असा खड्डा निखाऱ्यांनी भरावयाचा. ते निखारे प्रदीप्त पण धूम्ररहित असावेत अशी अट आहे. होलाकस्वेदात शेणाच्या गोवऱ्यांची रास शय्येच्या मापाने पेटवून, ती पूर्ण जळून धूर सरल्यावरच तीवर शय्या ठेवावयाची आहे. आपल्याकडील बाजेखाली शेगडी ठेवण्याच्या प्रथेचे मूळ शोधावयाचे तर या दोन स्वेदांकडेच पाहावे लागते. सुश्रुताचार्यांनीही चिकित्सास्थानात तापस्वेद सांगताना हात, कांस्य, कंदुक, खापर, वाळू व वस्त्र यांबरोबर, निजलेल्या रुग्णाला विशेषतः खदिराच्या निखाऱ्यांचा ताप द्यावा असे म्हटले आहे.

नेता येण्याचे मर्म

आता कुटीस्वेदातील शंकेकडे वळू. जेंताकात झरोके हवेत आणि कुटीत नकोत, असे का? आमच्या मते याचे उत्तर ‘हसंतिका’ या शब्दातच दडलेले आहे. जेंताकात इंधन आतच पेटते. धूर आतच होतो. म्हणून तो जाण्यासाठी वाट हवी आणि तो जाईपर्यंत थांबावयास हवे. कुटीत मात्र इंधन आत पेटवावयाचे नाही. हसंतिका ‘अंगारपूर्ण’ असाव्यात असे म्हटले आहे. म्हणजे लाकूड बाहेर जळून, धूर बाहेर सोडून, निखारा होऊन मगच ते पात्र आत यावयाचे. अग्नी उत्पन्न करण्याची जागा आणि अग्नी वापरण्याची जागा यांत अंतर ठेवणे, हे हसंतिकेचे खरे प्रयोजन. हलविता येणे ही केवळ सोय नसून धूर रुग्णापासून दूर ठेवण्याची ती युक्ती आहे.

आपल्या घरांतील जुन्या बायकांना हे कोणी ग्रंथातून शिकविले नव्हते. तरी त्या हेच करीत. शेगडी परसात किंवा पडवीत पेटवावयाची. पंख्याने वारा घालून कोळसे पुरते फुलवावयाचे. काळा कोळसा एकही उरला नाही, धूर सरला, निखाऱ्यांवर पांढरी राख धरू लागली, की मगच ती चिमट्याने वा कानाने धरून आत आणावयाची. ‘कच्चा कोळसा आत आणू नये’ हा त्यांचा दंडक होता. शेगडी हा शब्द उच्चारला की या साऱ्या क्रिया त्यांच्या मनात आपोआप उभ्या राहत. शब्दाबरोबर विधीही परंपरेने येत होता.

परंतु येथे एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. धूर नसलेला निखारा हा धोका नसलेला निखारा नव्हे. कोळसा जळताना खालच्या थरात कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो वरच्या तापलेल्या कोळशांतून जाताना त्याचे कार्बन मोनॉक्साइडमध्ये रूपांतर होते. निखाऱ्यांवर नाचणाऱ्या निळसर ज्वाळा म्हणजे हाच वायू जळत असतो. त्या ज्वाळा मावळल्या आणि शेगडी शांत, सोज्वळ दिसू लागली, तरी वायूची उत्पत्ती थांबलेली नसते. उलट आता तो न जळता खोलीत मिसळू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही, खोकला आणीत नाही. रक्तातील हीमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके दुखणे, मळमळ, चक्कर, गळून जाणे, झोप येणे ही त्याची लक्षणे. आणि बाळंतिणीच्या बाबतीत ही सर्व लक्षणे ‘थकव्याची’ म्हणून सहज दुर्लक्षिली जातात.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अग्निकर्माच्या अध्यायात धूमोपहत रुग्णाचे वर्णन आहे. श्वास लागणे, शिंका, खोकला, डोळ्यांची आग व लाली, वास व चव न कळणे, ऐकू न येणे इत्यादी लक्षणे तेथे दिली आहेत. हे वर्णन धुराने पीडित रुग्णाला अगदी यथार्थ लागू पडते. कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा मात्र धुरावाचून होते, म्हणून तिच्यात डोळ्यांची लाली किंवा खोकला यांची वाट पाहत बसणे घातक ठरेल. बंद खोलीत निखारे होते आणि एकाहून अधिक माणसांना एकाच वेळी डोकेदुखी व मळमळ झाली, एवढ्यावरूनच वैद्याने ओळखले पाहिजे. अशा वेळी रुग्णाला तत्काळ उघड्यावर आणून प्राणवायूची सोय असलेल्या रुग्णालयात पाठविणे हीच पहिली चिकित्सा. साध्या हवेत रक्तातील हा वायू निम्मा होण्यास सुमारे ४ ते ६ तास लागतात; शुद्ध प्राणवायू दिल्यास हाच काळ साधारण १ ते दीड तासावर येतो. बोटाला लावण्याचा नेहमीचा ऑक्सिमीटर या विषबाधेत फसवा आकडा दाखवितो, हेही विसरू नये.

निवात म्हणजे बंद नव्हे

सूतिकेच्या खोलीची दारे-खिडक्या गच्च लावून, फटींत चिंध्या कोंबून आत शेगडी ठेवण्याचा प्रघात काही घरांत अद्याप दिसतो. ‘आयुर्वेदात निवात खोली सांगितली आहे’ असा त्याला आधार दिला जातो. हा आधार अर्धवट आहे. चरकाचार्यांनी उपकल्पनीय अध्यायात संशोधनार्थ रुग्णाच्या घराचे वर्णन करताना ‘निवात’ या विशेषणाला लागूनच ‘प्रवातैकदेश’ हे विशेषण दिले आहे. शारीरस्थानात कुमारागाराचे वर्णन करतानाही हीच जोडी येते. खोलीत वाऱ्याचा झोत रुग्णाच्या अंगावर येऊ नये, परंतु तिचा एक भाग तरी हवा खेळती राहील असा असावा, हा त्याचा अर्थ. सूतिकागारातही अग्नीसाठी, पाण्यासाठी, स्नानासाठी स्वतंत्र जागांची योजना सांगितली आहे. तिंदुकाच्या लाकडांचा अग्नी तेथे नित्य असावा असे म्हटले आहे खरे. परंतु ते घर एका दहा बाय दहाच्या, सरकत्या काचांच्या खिडकीच्या खोलीसारखे नव्हते, हेही ध्यानात घ्यावे. विटा-मातीच्या, कौलारू घरांतील फटींतून जी हवा आपोआप येत-जात असे, ती सिमेंट-काँक्रीटच्या सदनिकेत येत नाही. घर बदलले, विधी तसाच ठेवला तर त्याचे फळ बदलणारच.

‘प्रवातैकदेश’ हा एक शब्द जरी प्रत्येक वैद्याने सूतिकेच्या नातेवाइकांना नीट समजावून सांगितला, तरी अनेक अनर्थ टळतील असा आमचा विश्वास आहे.

त्वचेवर उमटणारी खूण

निखाऱ्यांच्या सान्निध्याचा दुसरा परिणाम सावकाश होतो. काश्मीरमधील कांगडी ही हसंतिकेची सर्वांत प्रसिद्ध व आजही वापरात असलेली बहीण. वेताच्या विणीत बसविलेल्या मातीच्या भांड्यात निखारे घालून ती फेरनच्या आत पोटाशी किंवा मांड्यांशी धरतात. कांगडी या नावाचा संबंध ‘काष्ठांगारिका’ या संस्कृत शब्दाशी जोडला जातो. काश्मीरमध्ये काम करणारे डॉक्टर विल्यम एल्म्स्ली यांनी १८६६ साली, या सवयीच्या लोकांत मांड्या व पोटाच्या त्वचेवर होणाऱ्या कर्करोगाकडे वैद्यकीय जगाचे लक्ष वेधले. पुढे श्रीनगर येथील मिशन रुग्णालयाचे डॉ. अर्नेस्ट नेव्ह यांनी या व्याधीवर विस्ताराने लिहिले. वर्षानुवर्षे त्याच जागी मंद उष्णता लागत राहिल्याने प्रथम जाळीदार तांबूस-काळसर डाग उमटतात. पुढे तेथील त्वचा कोरडी व जाड होते. आणि काही रुग्णांत अनेक वर्षांनी तेथेच अर्बुद उद्भवते.

आपल्याकडे थंडीचे मान वेगळे असल्याने कांगडीसारखा वापर नाही. तरीही गुडघेदुखी, कंबरदुखी यांसाठी एकाच जागी रोज शेक घेणाऱ्या वृद्धांच्या त्वचेवर तशीच जाळी आम्ही पाहिली आहे. शेक शेगडीचा असो, गरम पाण्याच्या पिशवीचा असो वा विजेच्या पट्ट्याचा असो, खूण सारखीच. स्वेदाच्या अयोग्य रुग्णांत चरकाचार्यांनी गर्भिणी, रक्तपित्ती, पित्तप्रकृती, अतिसारी यांच्या जोडीला मधुमेही रुग्णही गणला आहे. ज्याच्या पायांची संवेदना मंद झाली आहे असा मधुमेही पाय शेकताना भाजला तरी त्याला कळत नाही, हे आपण नित्य पाहतो. तेव्हा शेक सुचविण्यापूर्वी त्वचा पाहणे व संवेदना तपासणे, हे वैद्याचे कर्तव्यच ठरते.

शब्दाचा घोळ

२०१६ साली प्रधानमंत्री उज्ज्वला योजना सुरू झाल्यानंतर खेड्यापाड्यांतही गॅसची शेगडी पोहोचली. धुरापासून स्त्रियांची सुटका होण्याच्या दृष्टीने हे इष्टच झाले. पण त्यामुळे ‘शेगडी’ या शब्दाचा नवा अर्थ आता सर्वदूर रूढ झाला आहे. आमच्या चिकित्सालयात एक तरुण दांपत्य आले होते. गावाकडच्या आजीने दूरध्वनीवरून ‘बाळंतिणीला रोज शेगडीचा शेक द्या’ असे बजावले होते. घरात शेगडी म्हणजे गॅसचीच. म्हणून नुकतीच प्रसूत झालेली ती मुलगी स्वयंपाकघरात ओट्यापाशी, पेटत्या बर्नरकडे पाठ करून उभी राहत असे. साडीचा पदर, ज्योत आणि अशक्त देह यांची ती संगती ऐकूनच अंगावर काटा आला. आजीचे सांगणे तिच्या शब्दकोशाप्रमाणे बरोबर होते. नातीने केलेले आचरणही तिच्या शब्दकोशाप्रमाणे बरोबर होते. मध्ये हरवला होता तो अर्थ.

औषधनिर्माणातही हाच घोळ होतो. स्नेहपाकासाठी सांगितलेला मंद अग्नी जुन्या वैद्यांच्या डोळ्यांसमोर शेगडीतल्या निखाऱ्यांचा होता. निखाऱ्यांची आच भांड्याच्या तळाला सर्व बाजूंनी सारखी लागते; गॅसची ज्योत लहान केली तरी ती मध्यभागी एकवटते व कल्क तळाशी धरून करपतो. म्हणून गॅसवर पाक करताना जाड बुडाचे भांडे, खाली लोखंडी तवा आणि सतत ढवळणे यांची जोड द्यावी लागते. ‘मंदाग्नी’ म्हणजे ‘गॅस बारीक’ एवढेच समजणाऱ्या विद्यार्थ्याला हा भेद सांगितल्यावाचून कळत नाही.

संहितेनेच दाखविलेली वाट

मग निखाऱ्यांचा शेक आजच्या घरात द्यावा की नाही? आमचे उत्तर स्पष्ट आहे : राहत्या, बंदिस्त खोलीत रुग्णाजवळ कोळशाची शेगडी ठेवू नये. आणि हे उत्तर संहितेच्या विरुद्ध नाही. अश्मघनस्वेदाचा विधी पाहावा. तेथे शिळा वातघ्न लाकडांनी तापवावयाची, नंतर सर्व निखारे दूर सारावयाचे, शिळेवर उष्णोदक शिंपावयाचे आणि मग रुग्णाला तीवर निजवावयाचे. भूस्वेदाचीही रीत अशीच. म्हणजे उष्णता ठेवावयाची आणि निखारा काढून टाकावयाचा, हा मार्ग स्वतः आचार्यांनीच सांगून ठेवला आहे. कुटीस्वेदाच्या अक्षरांना चिकटून राहण्यापेक्षा, काळ व घर पाहून अश्मघनाच्या तत्त्वाने जाणे यांत शास्त्राचा अनादर नाही. देश-काल पाहून विधीची योजना करणे हेही शास्त्रच होय.

घरी सहज करता येईल असा पर्याय वालुकास्वेदाचा. जाड, धुऊन वाळविलेली वाळू लोखंडी कढईत तापवून सुती कापडाच्या दुहेरी पुरचुंडीत बांधावी. शेकणाऱ्याने ती प्रथम आपल्या हाताच्या मागील बाजूस लावून पाहावी. मगच अभ्यंग केलेल्या अंगावर फिरवावी, एका जागी धरून ठेवू नये. वाळू स्वयंपाकघरात तापेल आणि शेक खोलीत मिळेल. अग्नी एकीकडे आणि ऊब दुसरीकडे, हे हसंतिकेचेच तत्त्व येथे निर्धोकपणे पाळले जाते. वृषण, हृदय व दृष्टी या स्थानी स्वेद वर्ज्य किंवा अत्यंत मृदू, हा नियम येथेही लागू आहेच.

ओवा, बाळंतशेपा, वावडिंग यांच्या धुरीचा आग्रह कुटुंबात असेल, तर निखारे बाहेर पूर्ण फुलवून, बाळ-बाळंतीण दुसऱ्या खोलीत असताना थोडा वेळ खोली धुपवावी. धुपाटणे बाहेर नेऊन खिडक्या उघडाव्यात. हवा स्वच्छ झाल्यावरच दोघांनी आत यावे. नवजात बालकाला प्रत्यक्ष धुरावर धरण्याची पद्धत मात्र पूर्णपणे सोडून द्यावी. ज्या घरात कोणाला दमा आहे तेथे धुरीच वर्ज्य समजावी. रात्री झोपताना तर कोणत्याही कारणास्तव निखारे खोलीत राहू देऊ नयेत.

व्यवसायबंधू-भगिनींना आमची विनंती एवढीच की, रुग्णपत्रिकेवर ‘शेगडीचा शेक’ असे दोन शब्द लिहून थांबू नये. कशाने शेकावयाचे, ते कोठे तापवावयाचे, कोणत्या अंगाला, किती वेळ आणि कोणत्या लक्षणावर थांबावयाचे, ही पाच उत्तरे लिहून द्यावीत. सम्यक् स्विन्नाची लक्षणे, म्हणजे थंडी व वेदना शमणे, जडपणा व ताठरपणा जाणे, अंग मऊ होणे व घाम येणे, ही नातेवाइकांना सोप्या मराठीत सांगावीत. घरातील वृद्ध स्त्रीला बाजूला न सारता तिला समोर बसवून हे बोलावे. कारण विधी तिला ठाऊक आहे आणि नवे घर नातीला ठाऊक आहे. त्या दोघींच्या शब्दांचा मेळ घालणे हे आज वैद्यावाचून दुसरे कोणी करणार नाही.